घरी बनवलेलं कार्ट टायर घासायचं मशीन, पटकन चाक बदलायच्या माउंटिंगसकट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गो-कार्टच्या (ट्रॅकवर चालवायच्या छोट्या रेसिंग गाडीच्या) टायर घासायच्या मशीनबद्दल हे प्रश्न सतत येत असतात, बरेचसे तेच तेच, म्हणून सगळे एका ठिकाणी लिहून ठेवतोय. आधी साधे आहेत, मग अडचणीचे. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे असेल तिथे नंबर दिलाय, तो बघा. मशीन बनवायला घ्यायच्या आधी निदान ७, १० आणि १९ एवढे तरी वाचाच.

१. हे मशीन नेमकं करतं काय? कार्टच्या टायरला घासायची गरजच का पडते?

चाक रिमसकट, हवा भरलेलं, एका शाफ्टवर बसवायचं, मोटरने हळू फिरवायचं आणि बाजूने सँडर लावून वरचा रबराचा पातळ थर काढायचा, बस. स्लिक टायर, म्हणजे नक्षी नसलेला गुळगुळीत टायर, तापतो, थंड होतो, परत तापतो, असं होत होत वरचा थर कडक आणि चकचकीत होतो आणि ग्रिप जाते. ट्रॅकवर पडलेलं दुसऱ्यांचं रबर चिकटून गुठळ्या होतात, पुढच्या टायरची एक बाजू जास्त झिजून तिरकी होते, ब्रेक लॉक झाला की फ्लॅट स्पॉट, म्हणजे एका जागी घासून सपाट झालेला भाग, पडतो. घासलं की खालचं ताजं रबर वर येतं आणि टायर परत गोल होतो. आणि माझ्या मते गोल होणं हे जास्त महत्त्वाचं, कारण चकाकी हाताने पण काढता येते, गोलाई येत नाही.

२. असे घासलेले टायर रेसमध्ये चालतात का?

तुमच्या सिरीजचं रूलबुक बघितल्याशिवाय घासू नका. एफआयए कार्टिंगच्या (कार्टिंगच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या) नियमात होमोलोगेटेड, म्हणजे रेससाठी मंजूर केलेल्या, टायरमध्ये कुठलाही बदल करायला मनाई आहे, टायर गरम करणं किंवा केमिकल लावणं पण चालत नाही. बऱ्याच क्लब सिरीज तेच नियम जसेच्या तसे घेतात. उलट मातीच्या ओव्हल ट्रॅकवरच्या कार्टिंगमध्ये, खास करून अमेरिकेत, टायर कापणं आणि घासणं हा तयारीचाच भाग धरतात. प्रॅक्टिससाठी, भाड्याच्या कार्टसाठी किंवा मजेसाठी चालवत असाल तर प्रश्नच नाही. पण रेसचा सेट आणि प्रॅक्टिसचा सेट वेगळा ठेवा आणि घासलेल्यांवर मार्करने खूण करा, स्क्रुटिनीला (रेसच्या तपासणीला) चुकून भलताच सेट गेला तर पूर्ण दिवस वाया जातो.

३. मग हातानेच घासलं तर? किंवा कार्ट उचलून इंजिन चालू करून मागच्या चाकाला सँडर लावला तर?

नुसती चकाकी काढायची असेल तर हातात खरखरीत सँड पेपर घेऊन घासा, चालतं. फक्त हाताने उंच जागा आणि खोल जागा दोन्ही सारख्याच घासल्या जातात, म्हणजे टायर जेवढा आउट होता, म्हणजे गोलाईत बिघडलेला होता, तेवढाच आउट राहतो.

इंजिनवालं काम करू नका. अजिबात नाही. क्लच एंगेज झाला की चाकाचा स्पीड तुमच्या हातात राहत नाही, चेन उघडी असते, एक्झॉस्ट शेजारी तापलेला असतो, आणि कार्ट स्टँडवरून घसरलं तर ते समोर उभ्या माणसाच्या अंगावरच येतं. शिवाय पुढच्या चाकांचं काय करणार हा प्रश्न तसाच राहतो.

४. मशीनला काय काय लागतं?

लोखंडी अँगल किंवा चौकोनी पाइपची वेल्ड केलेली फ्रेम, शाफ्ट, दोन पिलो ब्लॉक बेअरिंग (फ्रेमला बोल्टने बसणाऱ्या घरातलं बेअरिंग), गिअर मोटर, शाफ्टच्या टोकाला फेसप्लेट (चाक टेकतं ती गोल सपाट प्लेट) आणि त्यावर क्विक-चेंज माउंटिंग, शाफ्टला समांतर एक स्लाइड, त्यावर सँडर, धूळ ओढायला व्हॅक्यूमचा पाइप, आणि इमर्जन्सी स्टॉप. फ्रेम जड बनवा. हलकी फ्रेम सँडर लावला की थरथरते आणि ती थरथर टायरवर बारीक लाटांसारखी उमटते. फ्रेम आधीच बनली असेल आणि हलकी वाटत असेल तर खालच्या पाइपमध्ये वाळू भरून तोंड बंद करा, फरक लगेच जाणवतो.

५. मोटर किती पॉवरची? आणि चाक किती स्पीडने फिरवायचं?

लोकांना वाटतं त्यापेक्षा खूप कमी लागते. हिशोब बघा. मागचा टायर ११ इंचाचा म्हणजे व्यास साधारण २८० मिमी, त्रिज्या १४० मिमी. सँडर दाबल्यावर टायरच्या पृष्ठभागावर ५० न्यूटन ओढ आली असं धरलं तर टॉर्क झाला ७ न्यूटन मीटर, आणि ४८ आरपीएमला पॉवर निघते फक्त ३५ वॅटच्या आसपास. म्हणजे ०.१८ किलोवॅटची गिअर मोटर पुरते, ०.३७ ची मिळाली तर निवांत. चार पोलची मोटर ५० हर्ट्झवर साधारण १४४० आरपीएमने फिरते, तिला १:३० चा वर्म गिअरबॉक्स लावला की ४८ आरपीएम मिळतात, जे मला या कामाला एकदम योग्य वाटतात. ३० ते ६० च्या मध्ये कुठेही चालेल.

गाडीच्या वायपरची १२ व्होल्टची मोटर पण चालते, तिच्यात वर्म गिअर आतच असतो आणि स्पीड साधारण याच रेंजमध्ये असतो, फक्त ती सलग तासभर चालवायला बनवलेली नसते म्हणून मध्ये मध्ये थंड होऊ द्या. वर्म गिअरवर मी जो भर देतोय त्याचं कारण प्रश्न १२ मध्ये आहे.

व्हीएफडी (मोटरचा स्पीड कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) लावणार असाल तर एक लक्षात ठेवा, मोटरचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो, त्यामुळे २० हर्ट्झच्या खाली जास्त वेळ चालवली की पंखा पण हळू होतो आणि मोटर तापते. स्पीड गिअरबॉक्सने कमी करा, व्हीएफडी फक्त थोडं मागेपुढे करायला ठेवा.

६. शाफ्ट किती जाड घ्यायचा? बेअरिंग कुठली?

२५ मिमी शाफ्ट आणि यूसीपी २०५ पिलो ब्लॉक, हे कुठेही मिळतं आणि पुरेसं आहे. २० मिमी शाफ्ट आणि यूसीपी २०४ घेऊ नका, चाक टोकाला लटकतं तेव्हा तो दाबाखाली वाकतो. दोन बेअरिंगमधलं अंतर चाक जेवढं बाहेर लटकतं त्याच्या निदान दीडपट तरी ठेवा आणि पुढचं बेअरिंग फेसप्लेटच्या जेवढं जवळ नेता येईल तेवढं न्या. मागचं रिम २१० मिमीच्या आसपास रुंद असतं आणि हबची (ज्या भागावर चाक बोल्टने बसतं त्याची) बसायची जागा रिमच्या आत खोल असते, म्हणून रिमची कड पिलो ब्लॉकला घासत नाही ना हे आधी कागदावर काढून बघा. वेल्डिंग झाल्यावर कळलं तर परत कापाकापी.

७. क्विक-चेंज माउंटिंग कसं बनवायचं? तीन नट लावत-काढत बसायला नको असेल तर?

हाच सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि खरं सांगायचं तर मशीन म्हणजे हे माउंटिंगच आहे, बाकी सगळं बाजारातून आणून जोडता येतं. म्हणून सविस्तर लिहितोय.

चाक पकडायचं म्हणजे तीन कामं असतात: चाक सेंटरला आणणं, चाक फिरवणं, आणि चाक घट्ट दाबून धरणं. ही तीन कामं तीन वेगळ्या भागांना द्या. बहुतेक बिघडलेल्या डिझाइनमध्ये एकच भाग दोन कामं करत असतो, म्हणजे स्टडच (चाक पकडणारे बोल्ट) सेंटर पण करतात आणि फिरवतात पण, आणि मग भोकं थोडी मोठी झालेली असली की प्रत्येक वेळी चाक वेगळ्या जागी बसतं.

सेंटरिंगला फेसप्लेटच्या मधोमध एक गोल उंचवटा ठेवा, म्हणजे स्पिगॉट, जसा हबला असतो. तुमच्या रिमचं मधलं भोक व्हर्निअरने मोजा आणि स्पिगॉट त्याच्यापेक्षा फक्त ०.०५ मिमी लहान टर्न करा, हाताने सरकून बसेल पण हलणार नाही. फेसप्लेट आणि स्पिगॉट शाफ्टवर बसवून झाल्यावर, शाफ्ट लेथवर धरून, एकाच सेटिंगमध्ये शेवटचा हात मारून घ्या, वेगवेगळे टर्न करून नंतर वेल्ड केले तर वेल्डिंगच्या उष्णतेने सरळपणा गेलाच म्हणून समजा.

फिरवायला तीन पिना. स्टडच्या भोकांमध्ये सैल जातील अशा, ८ मिमी स्टडची भोकं असतील तर ७.५ मिमीच्या पिना. सैल मुद्दाम, कारण सेंटरिंग त्यांचं काम नाही.

दाबायला मध्ये एकच नट आणि खाचेचा वॉशर. शाफ्टचं टोक पुढे काढून त्याला एम१६ आटे पाडा. नट असा हवा की रिमच्या मधल्या भोकातून आरपार जाईल, एम१६ चा साधा नट कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत साधारण २७ मिमी असतो, तर भोक त्याच्यापेक्षा मोठं आहे का बघा. आता १० मिमी जाड वॉशर घ्या, बाहेरून भोकापेक्षा मोठा, आणि त्याला कडेपासून मध्यापर्यंत शाफ्ट जाईल एवढी खाच पाडा. चाक नटवरूनच आत सरकवायचं, खाचेचा वॉशर बाजूने शाफ्टवर घालायचा, नट दोन फेरे आवळायचा, झालं. काढताना नट दोन फेरे सैल, वॉशर बाजूला ओढला, चाक बाहेर. नट शाफ्टवरून कधी उतरतच नाही. एम१६ च्या साध्या आट्यांची पिच २ मिमी असते, दोन फेऱ्यांत ४ मिमी मोकळे होतात, तेवढे पुरतात.

एक गोष्ट विसरू नका, वॉशरला नटच्या बाजूने ३ मिमी खोल गोल खड्डा पाडून घ्या आणि नटाला त्यात बसेल असा गोल खांदा ठेवा. त्यामुळे नट जरा सैल झाला तरी वॉशर उडून बाहेर येऊ शकत नाही, मुद्दाम सैल केल्यावरच निघतो.

सायकलसारखा कॅम लिव्हर, टॉगल क्लॅम्प वगैरे आयडिया पण येतात. कॅम लिव्हर जोर देतो पण लिव्हर फिरत्या चाकाच्या तोंडाशी बाहेर आलेला राहतो आणि बाही अडकायची भीती असते, म्हणून मला तो नको वाटतो. व्हील बॅलन्सिंग मशीनसारखा कोन लावायचा असेल तर कोनामागे स्प्रिंग द्या, म्हणजे आधी कोन भोकात बसून सेंटर करतो आणि मग फेसप्लेट टेकते. स्प्रिंग नसेल तर कोन आणि फेस एकमेकांशी भांडतात आणि चाक तिरकं बसतं.

८. माझ्याकडे ५८ आणि ६७ पीसीडी (बोल्टची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास, मिमीमध्ये) अशी दोन्ही रिम आहेत. एकच फेसप्लेट चालेल का?

चालेल, पण दोन्ही सेटची भोकं एकाच कोनात पाडू नका. त्रिज्या २९ आणि ३३.५ मिमी, फरक फक्त ४.५ मिमी, म्हणजे ८ मिमीची भोकं एकमेकांत घुसतात. दुसरा सेट ६० अंश फिरवून घ्या, मग दोन शेजारच्या भोकांमध्ये ३० मिमीच्या वर अंतर राहतं. पिना आट्याच्या करा म्हणजे जो सेट लागत नाही तो काढून ठेवता येतो, नाहीतर त्याच रिमच्या फेसला टेकून चाक तिरकं बसवतील. दोन्ही रिमचं मधलं भोक वेगळं असेल तर स्पिगॉटवर चढणारी रिंग करून घ्या. रिम सारखी बदलत असाल तर दोन अडॅप्टर प्लेटच बऱ्या.

९. पुढच्या चाकांना हब नाहीये, बेअरिंग रिममध्येच बसवलेली आहेत. ती या माउंटिंगवर कशी चढवायची?

थेट चढत नाहीत. ही चाकं १७ मिमी किंवा २५ मिमी स्टब ॲक्सलवर (पुढच्या चाकाच्या छोट्या दांड्यावर) फिरतात. १७ मिमीचा मँड्रेल (चाक धरायचा दांडा) बनवून नट आवळला की तुम्ही बेअरिंगच्या फक्त आतल्या रेस (कड्या) दाबता, बाहेरची रेस आणि चाक मोकळंच फिरतं, म्हणजे मोटर फिरली तरी चाक जागेवर. म्हणून चाकाला वेगळी ओढ द्यावी लागते.

रिमला आरे किंवा खाचा असतील तर सोपं आहे, फेसप्लेटवरून एक दांडी काढा, तिच्या टोकाला जाड रबरी नळी चढवा आणि ती दोन आऱ्यांमध्ये घाला, तीच चाकाला ढकलत नेते. सपाट रिम असेल तर दुसरा मार्ग म्हणजे मँड्रेल स्थिर ठेवायचा आणि टायरच्या खालून मोटरवर चालणारा रबरी रोलर स्प्रिंगने दाबून लावायचा. रोलर वरखाली झाला तरी चालतं कारण गोलाई मँड्रेल ठरवतो, रोलर फक्त फिरवतो.

आणि चढवायच्या आधी चाक हाताने हलवून बघा. बेअरिंगमध्ये प्ले (ढिलेपणा) असेल तर आधी बेअरिंग बदला, कारण सैल बेअरिंगवर घासलेला टायर नंतर नव्या बेअरिंगवर आउट निघेल. घासताना बेअरिंगच्या दोन्ही तोंडांना मास्किंग टेप लावा, रबराची धूळ ग्रीसमध्ये गेली की ती वाया.

१०. माउंटिंग सरळ आहे की नाही हे कसं ओळखायचं? टायर लावला तर थोडा डुलतोय.

डुलणं चार ठिकाणांहून येऊ शकतं: शाफ्ट, फेसप्लेट, रिम, किंवा टायर स्वतः. त्याच क्रमाने तपासा. डायल गेज (बारीक फरक दाखवणारं काट्याचं मीटर) मॅग्नेटिक स्टँडवर लावून आधी स्पिगॉटवर, मग फेसप्लेटच्या कडेला. दोन्हीकडे ०.०५ मिमीच्या आत आलं तर उत्तम, ०.१ पर्यंत चालवून घ्या, त्याच्या वर असेल तर परत लेथवर न्या.

मग रिम लावा आणि रिमच्या कडेवर डायल ठेवून सगळ्यात उंच जागेवर खडूने खूण करा, फेसप्लेटवर पण त्याच रेषेत खूण करा. आता चाक काढून एक भोक पुढे, म्हणजे १२० अंश फिरवून लावा आणि परत बघा. उंच जागा रिमवरच्या खुणेबरोबर फिरली तर रिम वाकलेलं आहे. फेसप्लेटच्या खुणेपाशीच राहिली तर दोष माउंटिंगचा. खूप सोपी टेस्ट आहे पण लोक करत नाहीत आणि चांगली रिम फेकून देतात.

अजून एक टेस्ट, तेच चाक त्याच भोकांत काढून-लावून पाच वेळा मोजा. दर वेळी वेगळा आकडा येत असेल तर स्पिगॉट सैल आहे किंवा फेसवर कचरा अडकतोय. क्विक-चेंजचा काही उपयोग नाही जर चाक दर वेळी वेगळं बसत असेल. फेस पुसायला मशीनवरच एक फडकं बांधून ठेवा.

११. घासायला काय वापरू? ग्राइंडर की बेल्ट सँडर?

बेल्ट सँडर, ७५ × ५३३ मिमी पट्ट्याचा, जो सगळीकडे मिळतो, स्पीड कमी-जास्त करता येणारा. ११५ मिमीचा साधा अँगल ग्राइंडर ११,००० च्या आसपास आरपीएम करतो, त्या स्पीडला रबर कापलं जायच्या ऐवजी वितळतं आणि चिकट काळा लगदा होतो. शिवाय फ्लॅप डिस्कची कड जरा तिरकी लागली की टायरला चर पडतो, आणि तो चर काढायला पूर्ण टायर तेवढा खाली आणावा लागतो. ग्राइंडरच असेल तर स्पीड कंट्रोलवाला घ्या आणि सगळ्यात खालच्या स्पीडला ठेवा.

ग्रिट (पेपरचा खरखरीतपणा, आकडा लहान तेवढा जास्त खरखरीत) ३६ किंवा ४०. बारीक पेपर छान फिनिश देईल असं वाटतं पण बारीक पेपर लगेच भरतो आणि तापतो. शेवटचा हलका हात ८० ने मारला तर मारा, गरज अशी काही नसते.

१२. सँडर कुठल्या बाजूने फिरायला पाहिजे?

जिथे पट्टा टायरला टेकतो तिथे टायर आणि पट्टा उलट दिशेने जायला पाहिजेत. एकाच दिशेने गेले तर पट्टा टायरला ओढून पळवायला बघतो. पट्टा मिनिटाला तीनशे-चारशे मीटर जातो आणि तुमचा टायर ४८ आरपीएमला फक्त ४२ मीटर, त्यामुळे बेल्ट ड्राइव्ह किंवा साधा गिअर असलेल्या मशीनवर चाक एकदम सुसाट सुटू शकतं. वर्म गिअरबॉक्स इथे कामाला येतो, जास्त रेशोचा वर्म उलट्या बाजूने सहसा फिरवता येत नाही म्हणून तो चाकाला पकडून ठेवतो. तरी दिशा बरोबर ठेवाच, गिअरबॉक्सच्या भरवशावर राहू नका.

१३. सँडर हातात धरून चालणार नाही का? स्लाइड बनवायचा कंटाळा येतो.

हातात धरला तर हात उंच जागेवर मागे सरकतो आणि खोल जागेवर पुढे जातो, म्हणजे प्रश्न ३ मधलीच अडचण. सँडर जागेवर घट्ट पाहिजे, तरच उंच जागा आधी घासली जाते. स्लाइड भारी नको, २० मिमीचे दोन गोल रॉड आणि लिनिअर बेअरिंग, किंवा जुन्या लेथचा क्रॉस स्लाइड मिळाला तर फारच छान. शाफ्टला समांतर एक हालचाल आणि टायरच्या दिशेने आत-बाहेर एक, दुसरीला स्क्रू आणि हँडल लावा. स्क्रूची पिच २ मिमी असेल तर हँडल एक दशांश फेरा फिरवलं की ०.२ मिमी आत, तसे भाग पाडून डायलवर रेघा मारा. ड्रॉवरचे स्लाइड वापरू नका, बाजूच्या दाबाला ते डगडगतात.

१४. घासताना हवा किती ठेवायची? आणि टायर मध्ये फुगीर दिसतो, तो सपाट करायचा का?

नाही, तो फुगीरपणा घासून सपाट करू नका. टायरवर वजन नसतं तेव्हा तो मध्ये थोडा फुगतोच, ट्रॅकवर वजन पडलं की सपाट होतो. मशीनवर तो फुगीर असताना सरळ रेषेत घासला तर मधलं रबर पातळ होतं, कडा जाड राहतात, आणि नंतर मधून झिजून टायर लवकर संपतो. यावर दोन उपाय आहेत, एकतर हवा तुम्ही ट्रॅकवर ठेवता तेवढीच, म्हणजे स्लिकला बहुतेक ०.६ ते १ बारच्या मध्ये, तेवढीच ठेवा, आणि सँडर टायरच्या वळणाप्रमाणे थोडा तिरका करत तीन टप्प्यांत घासा: आतली बाजू, मध्य, बाहेरची बाजू. किंवा सँडरला खालून एक पिव्हॉट द्या म्हणजे तो वळण स्वतः पकडतो.

हवा एकदम जास्त भरून टायर टणक करायची आयडिया चांगली नाही. फुगीरपणा अजून वाढतो, आणि एवढ्या छोट्या टायरजवळ तोंड नेऊन काम करताना जास्त प्रेशर नकोच.

१५. एका वेळी किती घासायचं आणि थांबायचं कधी?

एका पासला ०.१ ते ०.२ मिमी. चाकाच्या एका फेऱ्यात सँडर २०-२५ मिमी सरकेल असा हात चालवा, मागचा टायर दहा-बारा सेकंदांत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत होतो. सुरुवातीला पट्टा फक्त काही जागीच टेकेल, आवाज तुटक येईल. आवाज सलग झाला म्हणजे टायर गोल झाला. घासायच्या आधी पिवळ्या खडूने आडव्या रेघा मारा, सगळ्या रेघा गेल्या की थांबा. नुसती चकाकी काढायची असेल तर एवढं पुरे.

किती रबर शिल्लक आहे ते टायरवरच्या छोट्या गोल खड्ड्यांमध्ये डेप्थ गेजने मोजा, घासायच्या आधी आणि नंतर. रिमनुसार वहीत लिहून ठेवा. खड्डे दिसेनासे व्हायला आले तर त्या टायरला मशीनवर लावू नका, आणि कुठेही कापडाचे धागे दिसले तर तो टायर संपला.

१६. मोठा फ्लॅट स्पॉट आहे. पूर्ण निघेपर्यंत घासू का?

मोजून ठरवा. फ्लॅट स्पॉट जेवढा खोल तेवढं रबर सगळ्या टायरवरून काढावं लागतं, तो १ मिमी खोल असेल तर चांगल्या भागाचा पण १ मिमी जातो. प्रश्न १५ प्रमाणे खड्ड्यांची खोली मोजा, अर्ध्यापेक्षा जास्त रबर जात असेल तर माझा सल्ला आहे की थोडं घासून कडा मऊ करा आणि तो टायर प्रॅक्टिसला ठेवा.

१७. मागचे दोन टायर घासल्यावर कार्ट एका बाजूला ओढायला लागलं. असं का?

साइझ वेगळी झाली. त्रिज्या १ मिमीने कमी झाली की घेर ६.२८ मिमीने कमी होतो, आणि मागचा ॲक्सल एकच सलग असतो, डिफरन्शियल नसतं, त्यामुळे लहान टायरच्या बाजूला कार्ट वळायला बघतं. ओव्हलवाले हा फरक मुद्दाम ठेवतात. तुम्हाला नको असेल तर दोन्ही टायर एकाच प्रेशरला ठेवून घेर टेपने मोजा आणि मोठा जो असेल तो आधी मशीनवर घ्या. पुढचे टायर वेगळ्या ॲक्सलवर असतात म्हणून तिथे एवढं जाणवत नाही, पण उंची बदलते तेव्हा तिथेही जोडी सारखीच ठेवा.

१८. पट्टा लगेच रबराने भरतो आणि टायर चिकट होतो. काय चुकतंय?

तापतंय. सँडरचा स्पीड कमी करा, दाब कमी करा, ग्रिट बघा. आवाज बदलला किंवा धूर दिसला तर लगेच मागे घ्या आणि हात लावून बघा, टायर कोमट असेल तर ठीक, हात ठेवता येत नसेल तर थांबा. पट्टा साफ करायची क्रेप रबराची कांडी मिळते, ती चालत्या पट्ट्यावर लावा. टायरला कधी सॉफ्टनर किंवा सॉल्व्हंट लावलेलं असेल तर तो हमखास चिकटतो, आणि असा टायर मी तर मशीनवर घेऊच नका म्हणेन, वाफ, धूळ आणि ठिणगी एकत्र नकोत.

१९. धुळीचं काय करायचं? मास्क पुरेसा आहे का?

पुरेसा नाही पण अत्यावश्यक आहे, एफएफपी२ किंवा एन९५ च्या खालचा नको, आणि डोळ्यांना बंद गॉगल. व्हॅक्यूमचं तोंड पट्टा जिथे धूळ फेकतो तिथे, टायरपासून काही सेंटिमीटरवर बसवा. रबराची बारीक धूळ पेट घेऊ शकते, म्हणून ज्या व्हॅक्यूममध्ये टायरची धूळ आहे त्याने लोखंड घासताना उडणारी गरम धूळ कधीच ओढू नका, ठिणगी आत जाऊन बॅग तासाभराने पेटू शकते. काम झालं की बॅग बाहेर नेऊन रिकामी करा. फ्रेमला अर्थिंग करा, सप्लाय आरसीसीबीवरून (करंट गळला की लाइन तोडणाऱ्या स्विचवरून) घ्या.

हातमोजे घालून फिरत्या चाकाजवळ जाऊ नका. बाह्या दुमडलेल्या, केस बांधलेले, गळ्यात काही नाही. इमर्जन्सी स्टॉप अशा जागी की चाकाच्या पलीकडे हात न नेता दाबता येईल, आणि स्विच नो-व्होल्ट रिलीजवाला, म्हणजे लाइट जाऊन आली तर मशीन आपोआप चालू होणार नाही. शेजारी मुलं खेळत असतील तर मशीन बंद.

२०. रिमला बीड लॉकचे (टायरची कड रिमवरून सुटू न देणारे) स्क्रू आहेत आणि व्हॉल्व्ह बाहेर येतो. अडचण होते का?

टायरच्या पृष्ठभागावर काम आहे तोवर नाही. पण कडेपर्यंत जाताना सँडरचा फ्रेम-भाग स्क्रूला टेकू शकतो, म्हणून स्लाइडला दोन्ही टोकांना स्टॉप लावा आणि मोटर चालू करायच्या आधी चाक हाताने एक पूर्ण फेरा फिरवून बघा. साइडवॉल कधीच घासू नका.

२१. पावसाचे टायर घासता येतात का?

या मशीनवर नको. पट्टा प्रत्येक ब्लॉकच्या कडेला आदळतो, ब्लॉक वाकतात आणि कडा गोल होतात, आणि पाण्यात ग्रिप त्या धारदार कडांवरच असते. वरची चकाकी घालवायची तर हाताने, हलक्या हाताने.

२२. दोन-तीन वर्षं पडून असलेला टायर घासला तर नव्यासारखा होईल का?

वरचा थर निघाला तरी आतपर्यंत जे कडक झालंय ते मऊ होत नाही. ड्युरोमीटर (रबराचा कडकपणा मोजायचं मीटर) असेल तर आधी मोजा, ०.५ मिमी घासून परत त्याच तापमानाला मोजा. आकडा खाली आला तर फक्त वरचा थर कडक होता, घासण्यात अर्थ आहे. आकडा तेवढाच राहिला तर अजून घासून काही मिळणार नाही. साइडवॉलला तडे असतील तर मोजत पण बसू नका.

२३. घासल्यावर लगेच ट्रॅकवर नेला तर चालतो का?

आधी ओल्या फडक्याने धूळ पुसा, हवा परत सेट करा, नट व्हील हबवर नेहमीच्या टॉर्कला आवळा. पहिले दोन-तीन लॅप सांभाळून, घासलेला पृष्ठभाग बारीक केसाळ असतो आणि तो निघेपर्यंत टायर घसरल्यासारखा वाटतो, एकदा तापून वरचा थर साफ झाला की बसतो. घासलेला टायर पातळ असल्यामुळे नव्यापेक्षा लवकर तापतो आणि त्याची उंची कमी झालेली असते, तर गिअरिंग आणि राइड हाइट (कार्टची जमिनीपासूनची उंची) पण परत मोजा. गिअरिंगमध्ये ११ इंची टायरवर २ मिमी त्रिज्या गेली म्हणजे घेर दीड टक्क्याच्या आसपास कमी झाला, मागच्या स्प्रॉकेटला एखादा दात इकडेतिकडे करावा लागू शकतो.